नीलकंठरावांचा पिसारा आणि बांधलेली पोथी

बाळांनो, हात जोडून बसा आणि ऐका. एका जंगलात नीलकंठराव नावाचा वयस्क मोर राहत असे. मेघ दाटत, लांडोर समोर येई, आणि रावांचा पिसारा काही केल्या उभा राहत नसे.

कासवशास्त्री हे तिथले वैद्य. त्यांनी या दुखण्यावरील एका मुळीची पारख केली होती. शंभर मोरांना मुळीची गोळी दिली, शंभरांना मातीची. कोणाला कोणती, हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही नाही. मुळीने सत्तरांचे पिसारे फुलले, मातीने बाविसांचे. डबीतील असो वा पानात बांधलेली, मुळी रक्तात सारखीच उतरते, हेही त्यांनी तपासले. सारे एका पोथीत लिहिले.

जंगलवासी मोठे भाविक! त्यांनी पोथी लाल वस्त्रात बांधली, देव्हाऱ्यात ठेवली, रोज हळदकुंकू वाहिले. उघडली मात्र कोणीच नाही.

लांडोर चंद्रावळ म्हणाली, "अहो, शास्त्रीबुवांना एकदा विचारून या."

"ते पानात बांधून देतात! माझ्यासारख्या कुलवंताने बिननावाची गोळी घ्यावी?"

"मग काहीच घेऊ नका. पिसाऱ्यावाचून माझे अडलेले नाही. तुमच्या छातीत कळ येते, जिभेखाली गोळी ठेवता, त्याचा मला घोर आहे."

राव उठले आणि थेट कोल्हेबुवांच्या मठीत गेले. बुवांनी सोनेरी डबी काढली. डबीवर वाघाचे चित्र होते.

"यात आहे काय, बुवा?"

"हिमालयातील तप, महाराज!"

"पुरावा?"

"अस्वलाला विचारा. डबी घेतल्यापासून नाचतो आहे!"

छातीचे बुवांनी विचारले नाही. रावांनी लाजेने सांगितले नाही. डबीत तीच मुळी होती, चौपट मात्रेत कुटलेली.

मेघ दाटले. पिसारा सर्व डोळ्यांनिशी उभा राहिला. मग नीलकंठराव आडवे झाले, ते पुन्हा उठले नाहीत.

चंद्रावळीने देव्हाऱ्यातील पोथी ओढून काढली आणि वस्त्र सोडून उघडली. पहिल्याच पानावर होते: 'छातीच्या कळेसाठी जिभेखाली गोळी ठेवणाऱ्याने ही मुळी कदापि घेऊ नये.' तिने ते रडत, मोठ्याने वाचले.

"शिव शिव!" जमलेले ओरडले. "सोवळ्यावाचून पोथीला हात!"

"ते असो," एक म्हातारा मोर हळूच म्हणाला, "पण पिसारा काय फुलला होता हो!"

संध्याकाळी मठीपुढे रांग लागली.

तात्पर्य: पोथी पुजावी, उघडू नये. उघडली तर वाचावी लागते, वाचली तर मोर जगतो, आणि मोर जगू लागले तर बुवांची मठी ओस पडते. धर्म बुडायला आणखी काय हवे?