मोहिनीचे दूध आणि माझी कांडी

रोज उजाडताना मी दूध संकलन केंद्राचे कुलूप काढतो. आदल्या संध्याकाळी पालथे घातलेले कॅन सरळ करतो, मापे पुसतो, टेबलावरची धूळ झटकतो आणि दुधातले पाणी पकडणारा, कापसात गुंडाळलेला लॅक्टोमीटर डबीतून बाहेर काढतो. तोवर बाहेर किटल्यांची रांग लागलेली असते. प्रत्येक किटलीत ती काचेची नळी सोडायची, ती डुलायची थांबली की वाकून आकडा पाहायचा आणि किटलीच्या मालकाकडे न पाहता 'चालेल' किंवा 'जमणार नाही' एवढेच म्हणायचे. गावात या उपकरणाला कांडी म्हणतात आणि मला कांडीवाला. मी त्यात अपमान मानत नाही. डॉक्टरच्या गळ्यात जे असते त्याला तरी लोक नळीच म्हणतात.

सांगायचे एवढेच, की दूध या विषयात माझा हात धरणारा माणूस कळमनुरी तालुक्यात शोधावा लागेल. अशा माणसाला आपल्या दीड वर्षाच्या मुलीचे, मोहिनीचे, एका दिवसाचे दूध सांभाळता येणार नाही, असे कोणी म्हटले असते तर मी हसलो असतो. आणि म्हणणारे माझे वडीलच होते, म्हणून मी तोंड फिरवून हसलो.

ही गोष्ट दोन हजार तीनच्या जानेवारीतली. टीव्हीवरच्या एका मालिकेतले कुटुंब जहाजातून समुद्रावर सहलीला गेले होते. त्या जहाजात जेवणाचे दालन होते, नाचायची जागा होती, पोहण्याचा तलावसुद्धा होता.

"पान्यावर जाऊन परत पान्यातच पोहायचं?" माझी माय, चंद्रभागाबाई, म्हणाली. "मंग घरूनच भिजून जावं की."

पण माझी बायको राधिका नुसती पडद्याकडे पाहत राहिली. मग मी जाहीर केले की समुद्र लांब असला तरी इसापूरचे धरण जवळ आहे, तिथल्या सोनाजीकडे इंजिनाची बोट आहे आणि रविवारी आपण सहकुटुंब क्रूझला जाणार आहोत.

रविवारी सकाळी वडील काबरीला चारा टाकत होते. काबरी ही आमची ठिपक्याठिपक्यांची दुभती बकरी. त्यांनी तिचे दावे माझ्यापुढे धरले. "हिला संगं घेऊन जा."

"काहून?"

"लेकरू हाय संगं. आमी मेंढरं घेऊन चार-चार महिने रानात फिरायचो. तू एवढासा व्हतास. बकरी संगं असली की तुझ्या दुधाची काळजी न्हाई राहायची."

"आबा, तेव्हा फ्लास्क नव्हते."

"बकरी नासत न्हाई, प्रभू."

दूध खात्यातला माणूस बकरी ओढत बोटीवर चढला तर लोक काय म्हणतील, हे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. मी दूध स्वतः उकळले आणि मोहिनीची जीभ भाजू नये म्हणून कोमट होऊ दिले. फ्लास्क दोन पाण्यांनी विसळला, दूध भरले, बूच घट्ट लावले आणि लॅक्टोमीटरच्या डबीसह पिशवीत ठेवला. सहलीला लॅक्टोमीटर कशाला, असे राधिकेने विचारले. मी म्हणालो, असू दे. पुजारी काही गावाला जाताना जानवे घरी ठेवत नाही.

वडील घरी थांबले; माय, राधिका, मोहिनी आणि मी, चौघांनी जीपने इसापूर गाठले. सोनाजीने बोट धुऊन ठेवली होती, तरी तिला मासळीचा वास होताच. राधिकेने तोंडाला पदर लावला, मोहिनीने पाण्यावर हात मारला, इंजिन फटफटू लागले. निळ्या पाण्यातून आम्ही निघालो तेव्हा मला मालिकेतल्या त्या कुटुंबप्रमुखासारखे वाटत होते. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, माझ्या डोक्यावर मायने बांधलेला रुमाल होता, एवढाच फरक.

धरणाच्या मध्यावर मोहिनीने दुधासाठी हात पुढे केले. मी ऐटीत बूच काढले आणि फ्लास्क वाटीवर वाकवला. काही आले नाही. आणखी वाकवला. शेवटी पूर्ण उलटा केला. तेव्हा आतून एक पांढरा, थरथरता गोळा निघाला आणि वाटीत येऊन बसला.

मायने बोटाने चाखला. "दही हाय. लई झकास लागलं."

"दही कसं होईल? मी स्वतः—"

"काल या फ्लासकात मी वावरात ताक नेलं व्हतं."

विरजण म्हणजे ताकाचा अंश, कोमट दूध, वरून झाकण आणि तीन तासांची ऊब. दही लावायला याहून चांगली सोय कोणत्याही डेअरीत नसेल. राधिकेने माझ्याकडे पाहिले. मोहिनीला चार दिवसांपासून खोकला होता, त्यामुळे दही देता येत नव्हते. बिस्कीट तिने पाण्यात टाकले. केळ्याकडे पाहून तोंड मिटले. मग तिने जे रडणे सुरू केले त्यापुढे इंजिनाचा आवाज ऐकू येईना.

"सोनाजी, बोट माघारी घ्या," मी म्हणालो.

त्याने बोट वळवली आणि इंजिन बंद पडले. मोहिनीचा आवाज आता एकटाच, स्वच्छ घुमू लागला.

"पंख्यात जाळं गुतलं," पाण्यात वाकून पाहत सोनाजी म्हणाला.

"कोणाचं जाळं आहे हे?"

सोनाजीने जाळ्याचा एक धागा ओढून पाहिला. "माझंच दिसून राहिलं."

ते पाण्यात सोडवता येण्यासारखे नव्हते. त्याने वल्ह्याने बोट जवळच्या, म्हणजे पलीकडच्या काठाला लावली. काठावर एक तांडा होता. रडून रडून मोहिनी आता हुंदके देत होती आणि राधिकेचे डोळेही भरले होते. बोट सुटणार कधी, घर गाठणार कधी आणि तोवर हे लेकरू काय पिणार?

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. सोनाजी तिला जमनाबाई म्हणत होता. तिने आमचे नाव-गाव विचारले नाही. मोहिनीकडे पाहिले आणि विचारले, "भुकेलं हाय?" राधिकेने मान हलवली. जमनाबाई आत गेली आणि नुकत्याच काढलेल्या बकरीच्या दुधाने भरलेली चरवी घेऊन आली. "तापवून देते. बसा."

तिने चरवी चुलीशी ठेवली आणि काटक्या आणायला वळली. एवढ्याच वेळात ते घडले. मी ठरवून काही केले नाही. समोर दुधाचे भांडे आले, हात पिशवीत गेला, डबी उघडली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मी कांडी चरवीत सोडून वाकून उभा राहिलो.

काटक्या जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

"काय करून राहिला, पाहुण्या?"

"काही नाही, जरा पाहत होतो..."

"काय पाहत व्हता?"

याचे खरे उत्तर 'पाणी घातले आहे का ते' असे होते. ते उत्तर तिथे देण्यासारखे नव्हते. मी म्हणालो, "दूध."

"दुधाकडं असं वाकून, डोळे बारीक करून पाहतात?" जमनाबाईने कांडी दोन बोटांत धरून बाहेर काढली आणि मेलेली पाल द्यावी तशी माझ्या हातात दिली. "घरच्या दुधाचं माप काढत न्हाई आमी. नजर लागते. मागं एकानं असंच पाह्यलं, तर बकरीनं चार दिवस पान्हा सोडला न्हाई."

"अहो बाई, हे शास्त्रीय उपकरण आहे. नजर वगैरे..."

"प्रभू, गप," माय म्हणाली. मग ती जमनाबाईकडे वळली. "बरोबर हाय तुमचं, बाई. आमच्या घरी बी माप न्हाई काढत. हाच कुठून हे शिकलाय."

मोहिनी रडत होती. चरवी पुढे होती, पण आता ते दूध लेकराला द्यायचे नाही, यावर दोघींचे एकमत झाले होते. आधी नजर उतरवायला हवी.

"उतरवा," मी घाईने म्हणालो. "बकरी कुठे बांधली आहे?"

"बकरीचं काय काम?" जमनाबाई म्हणाली. "नजर तुमची हाय. तुमच्यावरूनच उतरावं लागंल."

अशा रीतीने दूध खात्यातला एक जबाबदार माणूस त्या अंगणात पाटावर बसला. तांड्यातली माणसे गोळा झाली. जमनाबाईने मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन माझ्या डोक्यापासून पायापर्यंत ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला तर नजर नव्हती, नाही आला तर होती. सगळे धुराकडे पाहत थांबले. कोणालाही ठसका येईना. माझ्या निर्दोषपणाचा प्रश्न होता, म्हणून मी जोरात खोकलो.

"सोंग करू नको," माय म्हणाली.

"खरंच आला ठसका."

"बाकी कोनालाच काहून न्हाई आला मंग?"

मोहिनी मात्र रडायची थांबली होती. पाटावर बसून डोळे पुसणारा बाप तिने आधी कधी पाहिला नव्हता. ती खुदकन हसली. ते पाहून जमनाबाईही हसली, दुसऱ्या बकरीकडे गेली, नवे दूध काढले, तापवले, निववले आणि मोहिनीला मांडीवर घेऊन वाटीने पाजले. वाटी रिकामी झाली तेव्हा मोहिनीच्या ओठांवर पांढरी रेघ होती आणि राधिका तिकडे पाहत हलकेच डोळे पुसत होती. मी अंगणाच्या कडेला उभा होतो. माझे हात मागे बांधलेले होते. कोणी बांधले नव्हते, मीच बांधले होते.

तोवर सोनाजीने पंख्यातले जाळे कापून काढले होते; निघताना आम्हाला काही द्यावेसे वाटले. जवळ दुसरे काही नव्हते, म्हणून मायने फ्लास्कातले दही पुढे केले. जमनाबाईने चाखले आणि पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने पाहिले. "दही चांगलं जमतं तुमाला. याचं विरजन ठेवते."

त्या चरवीतल्या दुधाचा आकडा मात्र मला वाचता आला नाही. कांडी डुलायची थांबलीच नव्हती. त्याची रुखरुख मला आजही आहे.

घरी आलो तेव्हा वडील अंगणात होते. "पुरलं का दूध?"

"पुरलं," मी म्हणालो.

मायने त्या रात्री त्यांना सगळे सांगितले असावे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला पाहून उगाचच खोकले.

होळी झाल्यावर राधिका एकदा हळूच म्हणाली, की जाळे गुंतले नसते तर सहल छान झाली असती. मी पुढच्या रविवारी सकाळी गोठ्यात गेलो आणि काबरीला खुंट्यावरून सोडून तिच्या गळ्यात दावे बांधले. माझी गाठ वडिलांना सैल वाटली. त्यांनी दावे माझ्या हातातून घेतले, नीट बांधले आणि परत दिले.

इसापूरच्या काठावर सोनाजीने आधी बकरीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे.

"कांडी?"

"घरी आहे," मी म्हणालो, आणि काबरीला आधी बोटीत चढवले.