वर्ग दोनचा स्वेटर

शिमग्याची पालखी देवळात परत गेली, की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराची बेल वाजते. दारात वरच्या मजल्यावरच्या मंदाताई साळवी, हातात तांदळाची रिकामी गोणी. "आणा," एवढंच म्हणतात. मग मी, बायको वृंदा आणि आमची मुलगी ईशा आपापले स्वेटर आणून गोणीत टाकतो. हे स्वेटर ताईंनीच थंडीत विणून दिलेले असतात. आता त्या ते घरी नेऊन उसवतात, लोकर धुतात, गुंडे करतात आणि पुढच्या थंडीत त्याच लोकरीचे नवे स्वेटर विणून देतात. बिल्डिंगमधल्या आठही बिऱ्हाडांना हाच नियम.

पहिल्या वर्षी मी हुज्जत घातली होती. "ताई, दिलेली वस्तू कोणी परत घेतं का?"

"दिलीय कुठे? भोगवटा दिलाय. वर्ग दोनचा. वापरायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि सरकारने मागितला की निमूट सोडायचा."

सरकार म्हणजे त्या स्वतः.

मंदाताई मोजणी खात्यात भूकरमापक होत्या. मंडणगडच्या डोंगरापासून पावसच्या आंब्याच्या बागांपर्यंत अर्धा जिल्हा त्यांनी उन्हातान्हात टेप ओढत पालथा घातला. वीतभर बांधासाठी एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे भाऊ त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं की गप्प बसत. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, "वेळ कुठे होता? लोकांची भांडणं मोजत होते ना." मंडणगडला असताना संध्याकाळी करायला काही नसे, तेव्हा शेजारच्या बाईंनी त्यांच्या हातात सुया दिल्या. निवृत्त झाल्यावर हातातला टेप गेला, सुया राहिल्या.

त्यातच त्यांनी पण केला, थंडीत बाजारचं काही अंगाला लावायचं नाही. त्यांचं कपाट एकदा बघण्यासारखं आहे. स्वेटर, मोजे, कानटोपी, शाल इथपर्यंत ठीक, पण लोकरीचा झंपर? तोही रत्नागिरीत? तो घालून त्या भर दुपारी भाजी आणायला जातात आणि घाम पुसत परत येतात. "काय हवा सुटलीय," असं वर आपल्यालाच ऐकवतात.

रत्नागिरीची थंडी काय चीज आहे हे बाहेरच्यांना सांगायला हवं. ती पहाटे येते, नऊच्या सुमाराला निघून जाते आणि दुपारी आम्ही पंखा पाचवर ठेवतो. तिची मनापासून वाट बघतात ते दोघंच. आंब्याला मोहोर यावा म्हणून बागायतदार, आणि मंदाताई. बागायतदार बिचारे नुसते आशेवर असतात, ताई निकाल देतात. "पडली," असं त्यांनी जिन्यात जाहीर केलं की थंडी पडली. मोबाइल काय तापमान दाखवतो ते आम्ही मग विचारत नाही.

लगेच दाराखालून चिठ्ठी सरकते. "रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या घरी मोजणी. लगतधारकांनी हजर राहावे." जमीन मोजताना शेजारच्या जमिनीचा मालक समोर लागतो, तशी माझी मोजणी वृंदासमोर होते. ती आली नाही तर तारीख पुढची.

मी पोट आत ओढून उभा राहतो. ताई टेप लावून शांतपणे थांबतात.

"सोड श्वास. किती वेळ धरशील?"

मी सोडतो.

"पूर्वेला दीड इंच अतिक्रमण," ताई रजिस्टरात लिहितात. "वृंदा, तुझी काय हरकत गो?"

"हरकत घेऊन उपयोग काय?" वृंदा म्हणते. "कब्जा कायम झालाय."

मग चहा, मग पुढच्या बिऱ्हाडाची मोजणी, मग पुन्हा चहा. त्यात माझा अख्खा रविवार जातो. मग थंडीभर एकेकाचा स्वेटर हातात पडतो, पण लोकर उसवताना सगळ्यांची एकत्र झालेली असते. एका वर्षी माझ्या पाठीवर सोसायटीचे सेक्रेटरी पाटणकर यांची आदल्या वर्षीची बाही होती, भगवी. पाटणकर जिन्यात दिसले की तिच्याकडे हक्काने बघत. त्यात ती लोकर टोचते. ताई दिसल्या की आम्ही स्वेटर घालतो आणि पुढच्या वळणावर पोचलो की काढून हातावर टाकतो.

गेल्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर सोसायटीची मीटिंग झाली. विषय पाण्याच्या टाकीचा होता. टाकी राहिली बाजूला आणि पाटणकर उभे राहिले. म्हणाले, मंदाताईंचं वय झालं, बोटं दुखतात, आहेत ते स्वेटर चांगले आहेत, आता त्यांना आपण विश्रांती द्यायला हवी. खरं तर आम्ही सगळे कंटाळलो होतो, टोचणाऱ्या लोकरीला आणि वाया जाणाऱ्या रविवाराला. पण कंटाळ्याला कृतज्ञता म्हटलं की ठराव एकमताने मंजूर होतो. अनुमोदन मी दिलं.

रीतसर सत्कार झाला. नारळ, शाल, पाटणकरांचं भाषण. "हे स्वेटर आता ताईंची आठवण म्हणून कायम आमच्याकडे राहतील," असं ते बाई समोर जिवंत बसलेली असताना म्हणाले. ताईंनी खांद्यावरच्या शालीची कड उलटी करून पाहिली.

"मशीनची," एवढंच बोलल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्या शिमग्याला बेल वाजली नाही. आम्ही सुटलो.

यंदाची थंडी आम्हाला मोबाइलवर कळली. जिन्यात कोणी काही जाहीर केलं नाही, चिठ्ठी आली नाही. आम्ही आपले गेल्या वर्षीचे स्वेटर काढले. माझा कसाबसा पोटावर बसला, पण ईशा वर्षात इतकी उंच झालेली की तिची बाही कोपराच्या जरा खाली येऊन संपली. वृंदाने तो स्वेटर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ताईंना विचारा, बाही वाढवून मिळेल का."

सकाळी आठला मी वर गेलो. ताईंनी दार उघडलं, "ये," म्हणाल्या आणि ईशाचा स्वेटर घेऊन आत चष्मा शोधायला गेल्या. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. यंदाचं पान पट्टीने नीट आखलेलं. आठही बिऱ्हाडांची नावं ओळीने लिहिलेली, अगदी पाटणकरांच्या नव्या सुनेचंसुद्धा. पुढचे रकाने कोरे.

ताई बाहेर आल्या. मी काय बघतोय ते त्यांनी पाहिलं.

"सवय रे," त्या म्हणाल्या आणि रजिस्टर मिटलं.

"ताई, आम्हाला वाटलं, तुम्हाला त्रास नको..."

"त्रास?" त्या खुर्चीवर बसल्या. "लोकर टोचते, मला माहीत नाही होय? वळणावर काढून ठेवता, ते गॅलरीतून दिसतं मला. दुकानात याच्याहून चांगले मिळतात." मग ईशाच्या त्या आखूड बाहीवरून हात फिरवत म्हणाल्या, "पण सुधीर, एकदा विणून दिला आणि तो तुमच्याकडेच राहिला, तर तुम्ही परत कशाला येणार माझ्याकडे? वर्षात तेवढीच माणसं येतात रे माझ्या घरात."

मला माझी लाज वाटली. अनुमोदन मी दिलं होतं, आणि वर टाळ्याही वाजवल्या होत्या. मी अंगातला स्वेटर काढला आणि गळ्यापाशी लोकरीचं टोक शोधायला लागलो.

"काय करतोस?"

"उसवतोय."

"तोडशील मेल्या! दे इकडे." त्यांनी गाठ नखाने सोडवली आणि टोक माझ्या हातात दिलं. "हळू ओढ."

मी ओढत गेलो, त्या गुंडा करत गेल्या. स्वेटर गळ्याकडून उसवत खाली उतरला. मी नुसत्या बनियनवर बसलो होतो आणि मला चक्क थंडी वाजत होती. गुंडा झाल्यावर ताई उठल्या, टेप आणला, रजिस्टर पुन्हा उघडलं.

माझी मोजणी एरवी दोन मिनिटांत उरकते. त्या दिवशी छाती झाली, पाठ झाली, हात झाले, तरी संपेना. तेवढ्यात खालून वृंदाचा फोन आला, एका बाहीला इतका वेळ काय लागतो म्हणून.

"ईशाला घेऊन वर ये," मी म्हटलं. "आणि पाटणकरांनाही सांग, सगळ्यांनी यायचंय."

फोन ठेवला तेव्हा ताई माझा डावा खांदा तिसऱ्यांदा मोजत होत्या. आकडा त्यांना केव्हाच मिळाला होता. मी हललो नाही.