लोंब्या आणि लोंब्याचे हात

ऐका बाळांनो, आणि ऐकताना एकमेकांना चिमटे काढू नका.

एका जंगलात झाडं होती, झाडांवर वानरं होती आणि वानरांच्या पोरांसाठी शिकवण्याही होत्या. तिथे गोदी नावाची एक तरुण वानरीण राहायची. पहिलंच पोर, म्हणून जिवाला सारखा घोर. शेजारणीचं पोर म्हणे ब्रह्म नि माया बोलतं, आणि आपला लोंब्या अजून स्वतःच्याच शेपटीला घाबरतो. कसं व्हायचं याचं?

तिने लोंब्याला वटवाघूळ गुरुजींच्या वर्गात घातलं. गुरुजी दिवसभर पायाच्या नखांनी फांदीला लटकायचे आणि एकच शिकवायचे, की आपण म्हणजे आपला देह नव्हे.

लोंब्या हुशार निघाला. पोट दुखलं की म्हणायचा, देहाचं दुखतंय. कच्ची बोरं कुणी खाल्ली विचारलं की म्हणायचा, तोंडाने. गोदीला इतकं कौतुक वाटलं की तिने चार जणींना सांगितलंसुद्धा.

मग दरीच्या अलीकडची फळं संपली. सगळा कळप दरीपलीकडच्या उंबरावर निघाला. आता उडी मारायची तर आईला दोन्ही हात मोकळे लागतात. पोटाला धरून राहायचं काम पोराचं.

"धर रे राजा," गोदी म्हणाली.

"मी कसा धरू? हात म्हणजे मी नव्हे."

"मग हातांना सांग."

"ते माझं का ऐकतील?"

गोदीने वाकून पाहिलं. खाली दरी, दरीत बिबट्या. देह म्हणजे काय, हे त्या बिबट्याला चांगलं ठाऊक होतं. एकेक करून सगळे पलीकडे गेले. सासू जाता जाता बोललीच, की आमची पोरं अडाणी होती, नुसती धरायची.

गोदीने गुदगुल्या केल्या. लोंब्या खदखदून हसला आणि देह हसला म्हणाला. तिने उंबराची लालूच दाखवली. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, पण हात काही पुढे येईनात. शेवटी ती दमली. त्याला कुशीत घेऊन त्याच्या डोक्यातल्या उवा काढत बसली.

लोंब्याला पेंग आली. डोळे मिटले तशी त्याची बोटं हलली. त्यांनी आईच्या पोटावरचे केस चाचपले आणि गच्च मुठी वळल्या. गोदीने एक बोट हळूच ओढून पाहिलं. सुटेना.

तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, डोळे उघडले आणि उडी मारली.

उंबरावर लोंब्या जागा झाला. "आई, मला इथे कुणी आणलं?"

"तुझ्या हातांनी."

"आणि मी कुठे होतो?"

"तू नव्हतासच बाबा. म्हणून तर जमलं."

लोंब्याची छाती फुगली. त्याने सगळ्या पोरांना सांगितलं, की मी देहाकडे न बघता दरी ओलांडली. दुसऱ्या दिवसापासून गुरुजींच्या वर्गाला फांदी पुरेना.

तात्पर्य: आपण म्हणजे देह नव्हे, हे मुलांना लहानपणीच शिकवावं. फक्त देहाला ऐकू जाणार नाही, इतक्या हळू शिकवावं.