चिंतामणी सरांची सही

नगररचनाकारांच्या संस्थेचं सभासदत्व मिळवायला लागणारं सगळं प्रितीकडे होतं. पदवी झाली, अनुभव झाला, परीक्षाही झाली. उरली होती जुन्या सभासदाची शिफारशीची सही. फॉर्म आज दुपारी एकच्या आत गिरगावातल्या कार्यालयात पोचला नाही, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा. तिच्या ऑफिसातला साहेब मात्र या सभासदत्वासाठी पुढच्या सोमवारपर्यंतही थांबायला तयार नव्हता.

सही करणार होते तिचे कॉलेजातले चिंतामणी सर. ते फोन उचलेनात, म्हणून ती सकाळीच परळहून शिवाजी पार्कला येऊन थडकली. सर मैदानाला फेऱ्या मारताना सापडले, पण थांबेनात.

"सर, एकच सही..."

"चालता चालता बोल. आणि सांग, हा फुटपाथ इथेच का संपतो?"

"सर, नकाशा इथपर्यंतच असेल."

"शाब्बास!"

तिसऱ्या फेरीनंतर सर बाकावर टेकले आणि ऐटीत सही ठोकली. अर्जदाराच्या रकान्यात.

"सर, अर्जदार मी आहे!"

"मग तो रकाना वर कशाला ठेवला? नियोजन शून्य!"

नशीब, दुसरी प्रत होती. पण आता सरांना आपला सभासद क्रमांक आठवेना. वरात सरांच्या घरी निघाली. कपाटं उपसली, फायली झटकल्या. प्रितीचा एक डोळा घड्याळावर. साडेअकराला सरांचं सभासद कार्ड सापडलं. त्याची मुदत चौदा वर्षांपूर्वीच संपली होती.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "बाप रे! मधल्या काळात मी किती जणांना सह्या दिल्या गं?"

प्रितीला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या सरांच्या पत्नी, कालिंदीकाकू म्हणाल्या, "माझं कार्ड चालू आहे."

"काकू, तुम्ही पण प्लॅनर?"

"यांच्याच बॅचची. पहिली आले होते. दरवर्षी न चुकता नूतनीकरण करते. सही मागायला मात्र आजवर कोणी आलं नाही."

काकूंनी फॉर्म शांतपणे अथपासून इतिपर्यंत वाचला. कामाबद्दल चार नेमके प्रश्न विचारले. प्रितीची उत्तरं ऐकून मान डोलावली आणि मग सही केली. योग्य रकान्यात. प्रिती टॅक्सीने सुसाट सुटली आणि एकला दहा कमी असताना फॉर्म खिडकीत सरकवला.

संध्याकाळी ती पेढे घेऊन गेली, तर सर स्वतःचा नवा फॉर्म भरून काकूंसमोर अवघडून उभे.

"अगं, एक सही..."

"ठेवा तिथे," काकू पेढा उचलत म्हणाल्या, "आधी वाचते."