क्लचप्रेमी संघाचे रिक्त अध्यक्षपद

माणसाला पाय दोन आणि गाडीला पेडल तीन, या तफावतीतूनच मनुष्यजातीची प्रगती झालेली आहे. तिसरं पेडल म्हणजे क्लच. ते काढून टाकल्यापासून माणसाचा डावा पाय बेकार झाला, आणि बेकार अवयव फार दिवस गप्प बसत नाही, तो गुडघेदुखी काढतो. आमच्या संघाने याबाबत रीतसर पाहणी केली. ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्यांपैकी सत्त्याऐंशी टक्के लोकांना आपला डावा पाय नेमका कुठे ठेवावा हे सांगता आलं नाही. उरलेल्या तेरा टक्क्यांनी उत्तर न देता गाडी पुढे नेली.

संघ म्हणजे बोईसर-तारापूर क्लचप्रेमी संघ. मी त्याचा चिटणीस. सभासद बारा, बहुतेक कारखान्यांतून किंवा वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले. (काहींना कारखान्यानेच निवृत्त केलं.) दर रविवारी सकाळी उमरोळीच्या रस्त्यावर रामूच्या टपरीपाशी सभा भरते. विषय ठरलेला असतो: हल्लीच्या पोरांना गिअर टाकता येत नाही. सभासद आपापल्या गाडीने येतात. त्यांतल्या नऊ गाड्या ऑटोमॅटिक आहेत, पण त्या सुनांच्या नावावर असल्याने संघाच्या घटनेचा भंग होत नाही. शिवाय त्या टपरीपासून जरा लांब, झाडामागे लावल्या जातात.

संघाची गाडी म्हणजे मुरबे गावच्या कमलाकांत या सभासदाची जुनी फियाट. कमलाकांतच्या होड्या आहेत, आणि बरीच वर्षं या फियाटने पालघरच्या बाजारात मासळी आणि बर्फ पोचवला. हिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे, तो नुसता बघितला तरी आमच्यातल्या काहींचे डोळे भरून येतात. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत ‘सगळं ओरिजिनल’ असण्याला मोठा मान असतो. आमच्या फियाटचा रंग, गंज आणि सुक्या बोंबलाचा वास हे तिन्ही ओरिजिनल आहेत. बॅटरीही ओरिजिनल असावी, कारण गाडी चावीने सुरू होत नाही. धक्का लागतो.

हा धक्का संघाचा मुख्य विधी आहे. अध्यक्ष स्टिअरिंगवर बसतात, सेकंड गिअर टाकून क्लच दाबून ठेवतात आणि खिडकीतून हात बाहेर काढतात. हात दिसला की सात सभासद मागून लोटतात. (डिकीची डावी बाजू ज्येष्ठांसाठी राखीव, कारण धूर उजवीकडे येतो.) अध्यक्ष क्लच सोडतात, गाडी खोकते, सुरू होते, आणि सेकंडमध्येच उमरोळीला जाऊन सेकंडमध्येच परत येते. मध्ये कुठेही थांबत नाही, कारण थांबली तर सातजण तिथे कुठून आणायचे?

आमचे अध्यक्ष पुंजाराम. मूळचे जालन्याकडचे, उभी हयात तारापूरच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली. ते अध्यक्ष झाले ते त्यांच्या ड्रायव्हिंग परीक्षेच्या गोष्टीमुळे. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी त्यांना भर चढावर गाडी थांबवायला लावली, मागच्या चाकाला चिकटून एक वस्तू ठेवली आणि म्हणाले, आता पुढे काढा. पुंजारामांनी काढली, वस्तूला धक्काही लागला नाही. संघाच्या स्थापनेच्या वर्षी ती वस्तू वीट होती. पुढे तिचा नारळ झाला, मग काडेपेटी. गेल्या दिवाळीपासून ते साहेबांचं मनगटी घड्याळ आहे.

यंदा महाराष्ट्रदिनी संघाने बोईसर ते पालघरजवळचं माहीम अशी जुन्या गाड्यांची भव्य फेरी ठरवली. (गाड्या: एक.) फियाट पुंजाराम चालवणार आणि शेजारी त्यांची सात वर्षांची नात ज्ञानेश्वरी बसणार, असा त्यांनी नातीला शब्द दिला होता. पोरीने शाळाभर सांगून टाकलं होतं. फेरीच्या परवानगीसाठी मुलगा मनीषने त्यांच्याकडे परवाना मागितला, तेव्हा कळलं की त्याची मुदत संपून दीड वर्ष झालं होतं. इतका उशीर झाला की परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

संघात आनंदाची लाट उसळली. ज्या परीक्षेबद्दल आम्ही इतकी वर्षं नुसतं ऐकत आलो ती डोळ्यांनी पाहायला मिळणार होती. पुंजाराम मात्र त्या आठवड्यात फारसे जेवले नाहीत, असं त्यांच्या पत्नी राहीबाईंनी नंतर सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी अख्खा संघ ट्रॅकच्या कुंपणाबाहेर हजर होता. हल्ली तिथे कॅमेरे असतात. परीक्षा घ्यायला रिद्धी मॅडम म्हणून तरुण अधिकारी होत्या. फियाट आम्ही फाटकापाशी लोटून सुरू करून दिली. पुंजारामांनी आठचा आकडा सेकंडमध्ये असा काढला की कमलाकांतने शिट्टी वाजवली. मग चढ आला. मॅडमनी मध्यावर थांबायला सांगितलं. पुंजाराम थांबले, गाडी बंद पडली. त्यांनी हँडब्रेक ओढला आणि शांतपणे बसून राहिले.

“काका, घ्या ना पुढे. कशाची वाट बघताय?” मॅडमनी विचारलं.

“माणसं येऊ द्या ना,” पुंजाराम म्हणाले आणि सवयीने त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

हात दिसल्यावर काय करायचं हे आमच्या सात सभासदांना शिकवावं लागत नाही. कुंपण सगळ्यांत आधी ओलांडलं ते चौसष्ट वर्षांच्या कमलाकांतने. ज्येष्ठ डावीकडे, कनिष्ठ उजवीकडे, आणि बघता बघता फियाट चढाच्या माथ्यावर गेली. ती तसूभरही मागे सरकली नाही, हे कॅमेऱ्यांत नोंदलेलं आहे.

“या लोकांना पास करता आलं असतं तर मी केलं असतं,” रिद्धी मॅडम म्हणाल्या. “तुम्ही नापास.”

टपरीवर परतल्यावर पुंजारामांच्या चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही. मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला खरोखर वाईट वाटलं.

“मी जन्मात परीक्षा देलीच नाही,” ते म्हणाले. “भगवंत म्हणून एजंट होता. म्हणला, तुम्ही कॅन्टीनात चहा घ्या, परवाना घरी येईल. आला. आता पोरीला काय सांगू?”

कमलाकांतने आपला कप खाली ठेवला.

“मना पन त्यानंच आणून दिला,” कमलाकांत म्हणाला. “वर पापलेटं नेली. आमी परीक्षेची जागा पन पायली नाय.”

मग एकेक सभासद हात वर करू लागला. (या खेपेला कोणी लोटलं नाही.) शेवटी अकरा हात वर होते. चिटणीस तटस्थ असावा लागतो, म्हणून मी सभेचा वृत्तांत लिहीत राहिलो.

इथे घटनात्मक पेच निर्माण झाला. अध्यक्ष आणि फेरीचा चालक हा क्लचच्या गाडीवर स्वतः परीक्षा देऊन पास झालेलाच असला पाहिजे, असं कलम घटनेत आहे. ते पुंजारामांनीच आग्रहाने घातलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे राजीनामा दिला. सून मोनाली त्यांना पुढच्या परीक्षेसाठी रोज संध्याकाळी शिकवायला तयार आहे, पण तिच्या गाडीला क्लच नाही. फेरी बेमुदत पुढे ढकलण्यात आली. ज्ञानेश्वरी दर रविवारी फियाटच्या पुढच्या सीटवर येऊन बसते आणि विचारते, “आजोबा, कधी निघायचं?” आजोबा म्हणतात, “माणूस मिळाला की.”

माणूस मिळावा म्हणून आम्ही पालघरपासून डहाणूपर्यंत जाहिरात दिली: पाहिजे, स्वतः परीक्षा देऊन पास झालेला एक इसम, शिक्षणाची व वयाची अट नाही. प्रतिसाद उदंड आला. डॉक्टर, वकील, प्राचार्य, सगळ्यांचे फोन आले. प्रत्येकजण आधी पाच-दहा मिनिटं जुन्या गिअरबद्दल हळवा होऊन बोलला, हल्लीच्या पोरांना नावं ठेवली, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, तो भगवंत अजून काम करतो का? मुलाच्या परवान्याचं काम करून घ्यायचं होतं.

जागा अजून रिकामी आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी पात्र असल्यास जरूर फोन करावा. फक्त आपला परवाना आपल्याला नक्की कसा मिळाला होता ते आधी घरात कोणी नसताना आठवून पाहावं. आणि भगवंतचा नंबरच हवा असेल, तर तसं सुरुवातीलाच सांगावं, उगाच गिअरबद्दल बोलत बसू नये.