बाराशें विहिरींचा तक्ता दोनप्रहरांआधीं पुरा जाहला त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि वीज ज्या देवाचे हातीं त्यासही नमन करून वर्तमान लिहिलें ऐसीजे. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमी ते दिवशीं राज्यांत हुकूम सुटला कीं, बाराशें विहिरींचें पाणी तपासिलें आहे, त्यांत पिण्याजोगी कोणती, बाधक कोणती याचा तक्ता दोनप्रहरीं दरबारीं यावा, आणि तक्त्यांत जी पिण्याजोगी म्हणून नाहीं तिजवर झांकण घालून उन्हाळाभर बंद करावी. काम सगुणाबाईंकडे आलें. बाई पन्नाशीच्या, गुरूवांचून चुकतमाकत शिकलेल्या, आणि त्यांनीं संगणकांत प्रोग्राम नामें चाकर उभा केला होता. तो तपासणीचे आंकडे घेऊन एकामागून एक विहिरीचा फेरा घाली, निकाल काढी आणि एक्सेलचे तक्त्यांत ओळ लिही. आणि दफ्तराची रीत ऐसी कीं, पूर्वीं उघड्या वहीवर मांजरानें दौत सांडिली तेव्हांपासून एक ओळ लिहितांच वही मिटावी, बांधावी, मोहोर करावी. बाईंनीं ती रीत चाकरासही निष्ठेनें शिकविली. मग काय पुसतां! चाकर फाइल उघडी, ओळ लिही, जतन करी, मिटी, आणि पुढचे विहिरीस पुन्हा उघडी. फाइल फुगे तसतसा चाकर धापा टाकी. दीड प्रहर दिवस आला तों विहिरी अवघ्या नव्वद जाहल्या.

मग दफ्तराचे मुख्य गिरमाजीपंत आले आणि म्हणाले, "बाई, आपला चाकर पालखींतून निघाला काय? अकराशें विहिरींवर झांकणें पडतील. लोकांनीं प्यावें काय, आपली फाइल?"

बाई म्हणाल्या, "पंत, निकाल तर तो डोळ्याचें पातें लवतें तों काढितो. मग वेळ जातो कोठें?"

तेव्हां दफ्तरांत चहा करणाऱ्या भिवराबाई कप ठेवितां ठेवितां पडद्याकडे पाहत्या जाहल्या. फाइल उघडे, मिटे, उघडे, मिटे. आणि म्हणाल्या, "अहो बाई, एकेक पापड घेऊन कुणी गच्चीचा जिना चढतं का? परातीत भरा नि एकदाच न्या की!"

सगुणाबाई कपाळावर हात मारून हसल्या. "जन्मभर पापड लाटले आणि हें मला सुचूं नये!"

पंत गुरगुरले, "आणि वीज गेली, परात उपडी जाहली, मग?"

"मग शंभर-शंभर न्या. सांडले तर शंभराच्या आंतच सांडतील," भिवराबाई म्हणाल्या.

आणि बाईंनीं तैसेंच केलें. निकाल संगणकाचे स्मरणांत रचावे, शंभर भरले कीं फाइल उघडून एकदम ओतावे, जतन करून मिटावी, ऐसें चाकरास सांगून फेरा आरंभापासून लाविला. पांचवी परात भरतां भरतां वीज खरोखरच गेली, आणि पंत "बघा!" म्हणते जाहले. वीज आल्यावर पाहतात तों चारशें विहिरी तक्त्यांत सुखरूप, तीस मात्र सांडल्या. मग चाकर चारशें एकाव्यापासून पुन्हा धांवला, आणि दोनप्रहरास दोन घटका राहिल्या असतां तक्ता दरबारीं रवाना जाहला. पंत किटली उचलून म्हणाले, "भिवराबाई, बसा. आज चहा मी करितों." चहांत साखर मुळींच नव्हती, परंतु सर्वांनीं वाखाणून प्याला.

येणेंप्रमाणें विहिरी बाराशें, पराती बारा. बाधक निघाल्या सव्वीस, झांकण त्यांवरच पडलें, आणि बाकींचे रहाट त्याच सांजेस कुरकुरूं लागले. ऐसें सुखाचें वर्तमान.