मुक्या चित्राचे प्रॉम्प्टर

तात्यांशी बोलताना आवंढा गिळायला थांबायचीही सोय नव्हती. तुम्ही जरा अडलात, की तोंडाला हात आडवा धरून ते पुढचा शब्द कुजबुजलेच. बारामतीत त्यांचं पानाचं दुकान माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून, त्यामुळं माझी निम्मी वाक्यं त्यांनीच पुरी केली आहेत. कन्हेरी गावच्या एका लग्नात नवरी उखाणा घेताना लाजून थांबली, तर मांडवाच्या खांबाआडून नवऱ्याचं नाव तात्यांनीच पुरवलं. "ह्यो कोण हिचा?" म्हणत नवऱ्याचा बाप उठला. त्याची समजूत घालताना माझी पुरेवाट झाली. तात्या आपले शांत.

"अडली हुती पोर. मग मी हाय कशाला?"

पूर्वी ते एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. तिथं सासूचं काम करणारा दिनू त्यांचा जिवलग. एका फार्सात जावयावर केरसुणी उगारली, की दिनूला पुढचं वाक्य हटकून आठवत नसे. तो विंगेकडं डोळे वळवी, तात्या वाक्य पुरवत आणि हशा पिके. पुढं मालकांनी त्याच फार्सावर सिनेमाचं चित्र काढलं. चित्र मुकं, मग प्रॉम्प्टर हवा कशाला, म्हणून तात्यांना घरी पाठवलं. चित्र पुरं झालं आणि थोड्याच दिवसांत दिनू तापानं गेला.

ते चित्र इंदापूरला तंबूत लागलं, तेव्हा आम्ही दोघं गेलो. पडद्यावर सासूनं केरसुणी उगारली आणि थांबली. ऐकू काही येणारच नव्हतं, दिनू वाटेल ते बडबडला असता तरी चाललं असतं. पण तो सवयीनं बाजूला बघायला लागला. तात्या ताडकन उठून पडद्याच्या कडेला गेले.

"मी हाय हितं, दिन्या. 'बसा जावईबापू, आधी ओवाळते, मग झोडपते.'"

पडद्यावर ओठ हलले. तंबू हसून लोटपोट झाला. लोकांना वाटलं, हा खेळातलाच माणूस. तंबू उठेपर्यंत तात्या इंदापूर सोडेनात. पान लावता येत नसतानाही त्यांचं दुकान मी सांभाळलं.

मग बोलपट आले. काही वर्षांनी तोच तंबूवाला बारामतीला आला, तेव्हा तात्यांनी पहिलं त्या चित्राचंच विचारलं.

"मुकं चित्र आता कोण बघतंय, तात्या? एकच प्रत हुती. तिच्या फिती बांगडीवाल्यानं नेल्या, वितळवून बांगड्या करायला."

परतताना तात्या एवढंच म्हणाले, "म्हंजी दिन्या तसाच बघत ऱ्हायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात दिसेनात, म्हणून मी तंबूकडं गेलो. आत कुणी नव्हतं. पांढऱ्या पडद्याच्या कडेला तात्या उभे होते, हात तोंडाशी. "मी हाय हितं," असं म्हणून त्यांनी ते वाक्य पुरवलं, दिनूला बोलायला लागे तेवढा वेळ थांबले, आणि मग एकटेच हसले.

मी जवळ गेलो. "तात्या," म्हणालो, आणि पुढं शब्दच फुटेना.

त्यांनी वळून बघितलं, हात पुन्हा तोंडाशी नेला आणि हळूच पुरवलं, "'चला घरी.'"